पाहुण्यांना बऱ्हाणपूर दाखवावं का? रावेरच्या कट्ट्यावरची चर्चा

"बायका-पोरांना घेऊन बऱ्हाणपूर? काय भो नाना, दुसरं काही सुचलं नाही का?" वकीलसाहेबांनी चहाचा ग्लास ओट्यावर ठेवला आणि वादाला तोंड फुटलं.

विषय साधा होता. नानाकडे पुण्याचे पाहुणे आलेत. अजिंठा त्यांचा पाहून झालाय. आता जवळपास काय दाखवायचं? मी म्हटलं, रावेरला रेल्वेत बसलं की अर्ध्या तासाच्या आत मध्य प्रदेशातलं बऱ्हाणपूर. मास्तरांनी लगेच मान डोलावली. वकीलसाहेब मात्र हटायला तयार नव्हते.

त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. जुन्या गावातल्या गल्ल्या अरुंद, तिथे आपल्या ओळखीचं कोणी नाही. एखाद्या दिवशी वातावरण तापलेलं असलं तर लेकरं घेऊन कुठे पळणार? स्टेशनवर त्यांच्या पुतण्याच्या खिशातला मोबाइल गेला होता, तेही त्यांनी सांगितलं. "पाहुणे आपल्या भरवशावर येतात. काही झालं तर तोंड कोणाला दाखवायचं?"

मास्तर तापले. "वकीलसाहेब, खानदेशचा कारभार त्या गावातून चालायचा. फारुकी सुलतानांनी ते वसवलं आणि नाव दिलं बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचं, ज्यांचा दर्गा आपल्या खुलताबादला आहे. 1601 मध्ये अकबरानं असीरगड घेतला तेव्हा फारुकी संपले. पुढे बरीच वर्षं मुघलांच्या दख्खनच्या स्वाऱ्या इथूनच हालायच्या. मुमताजमहल गेली ती याच गावात, 1631 च्या जून महिन्यात, चौदाव्या बाळंतपणात. शहाजहान दख्खनेत आला होता तो खानजहान लोदी या बंडखोर सरदाराच्या पाठीवर. तिला आधी पुरलं तापीपलीकडच्या झैनाबादच्या बागेत. आग्र्याला नेलं त्याच वर्षाच्या डिसेंबरात. आणि मिर्झाराजे जयसिंग, पुरंदरच्या तहातले, तेही 1667 मध्ये बऱ्हाणपुरातच वारले. एवढं सगळं घरापासून हाकेच्या अंतरावर, आणि आपली पोरं ते बघणार नाहीत?"

"इतिहास मोठा आहे, मी नाही कुठे म्हणतो? पण गाव आजचं आहे ना," वकीलसाहेब म्हणाले.

मग मला राहवलं नाही. मी घरच्यांना घेऊन तिथे जाऊन आलोय आणि माझं मन अजून दोन्हीकडे ओढतं. जामा मशिदीकडे जाताना आम्ही चुकलो. दोन्ही बाजूंनी यंत्रमागांची खडखड, शेजारचा काय बोलतो तेही ऐकू येईना. एका पोरानं स्कूटर थांबवली, कुठे जायचं विचारलं आणि पार दारापर्यंत पुढे पुढे चालवत सोडलं. मशिदीत आत भिंतीवर अरबी लेख आहे आणि त्याबरोबर संस्कृत लेखही, नागरी अक्षरांत, तिथीवारासकट. 1590 चा. फारुकी राजानं मशीद बांधली आणि तिची तिथी संस्कृतातही कोरून घेतली. ती ओळ बोटानं दाखवत लेकीला वाचून दाखवली तेव्हा मला खरंच भरून आलं. ज्या गल्लीची धास्ती घालून आम्हाला पाठवलं होतं, त्या गल्लीत आम्हाला कोणी वाकडं बोललं नाही.

कुंडी भंडाऱ्याचं तर काय सांगू! अब्दुल रहीम खानखानान मुघलांचा सुभेदार असताना, 1615 च्या सुमारास, सातपुड्याकडून जमिनीत झिरपत येणारं पाणी अडवून बोगद्यानं गावात आणलं. वर शंभराहून जास्त कुंड्या, एका ओळीत, विहिरीच्या तोंडासारख्या. मोट नाही, पंप नाही, निव्वळ उतारावर पाणी चालतं. लिफ्टनं ऐंशीएक फूट खाली उतरलो. भिंतींवर चुन्याचे पांढरे थर चढलेत, हात लावला की खरखरीत आणि गार. पायाखाली वाहतं पाणी, वर कुंडीच्या तोंडाएवढा उजेडाचा गोल. आपल्याकडे केळीला पाणी पुरत नाही म्हणून बोअर खोल खोल चाललेत. त्या बोगद्यात उभं राहून मला तेच आठवत होतं.

पण भीती वाटली, हेही खरं. ती वेगळीच जागा होती. शाही किल्ल्यात हमामाच्या छतावरची नक्षी बघताना माना वर, आणि बाहेर तापीच्या बाजूला आलो तर लेकरं कठड्याकडे धावलेली. कठडा ठेंगणा आणि खाली सरळ नदीचं पात्र. मी दोघांच्या कॉलरी धरल्या त्या सोडल्याच नाहीत. परतताना अंधार पडला. केळीचे ट्रक समोरून दिवे पूर्ण पेटवून येत होते आणि रस्त्याची कड दिसत नव्हती. पुतण्याचा मोबाइल गेला त्याचं वाईट वाटतंच, पण वकीलसाहेब, जीव जाण्यासारख्या जागा म्हणजे हा कठडा आणि हा रस्ता. त्यांचं नाव आपण कोणी काढत नाही.

"म्हणजे माझंच खरं झालं," वकीलसाहेब म्हणाले.

तेवढ्यात टपरीवरच्या वहिनी बोलल्या. इतका वेळ त्या आलं ठेचत होत्या. "तुम्ही सगळे वर्षातून एकदा जाणार. आम्ही लग्नाचा बस्ता बांधायला जातो, चार चार बायका मिळून. रात्रीचे आठ वाजले तरी बाजारात भीती नाही वाटत. दुकानं उघडी, बाया-माणसं येता-जाता, मावा जिलेबीच्या कढईभोवती ही गर्दी. मला भीती वाटली ती भर दुपारी. तापीपलीकडच्या त्या बागेत, आहुखान्याला. मुमताजची पहिली कबर बघू म्हणून गेलो तर चिटपाखरू नाही. चौकीदार दिसेना, बाईमाणसाला संडासाची सोय नाही. लांब दोघं-तिघं टोळकं करून बसलेले. त्यांनी काही केलं नाही. पण आम्ही पाच मिनिटांत निघालो. एवढी मोठी राणी, आणि तिच्या जागेपाशी बाईला थांबवत नाही."

यावर कोणाकडे उत्तर नव्हतं. मला वहिनींचं शंभर टक्के पटलं. आपण 'सेफ आहे का' विचारतो तेव्हा मनात वस्ती असते, तिथे कोण राहतं ते असतं. वहिनींनी मोजलं ते वेगळं: तिथे माणूस आहे का, दिवा आहे का, हाक मारली तर कोणी येईल का. या मापानं बघितलं तर गजबजलेला जुना बाजार पास होतो आणि सुनसान स्मारक नापास. ते स्मारक सुनसान का, तर आपण कोणी जात नाही म्हणून, आणि ज्यांनी राखायचं ते राखत नाहीत म्हणून. नुसतं 'जाऊ नका' म्हणून ते आणखी ओस पडणार.

मास्तर थोडे नरमले. आहुखान्याला चौकीदार, कठड्याला जाळी, संडास, एवढ्या तीन गोष्टींचा अर्ज आपण कट्ट्यातर्फे करू म्हणाले. वकीलसाहेबांनी लगेच विचारलं, "मध्य प्रदेशात आपला अर्ज कोण वाचणार?" मास्तर म्हणाले, "मराठीत नका लिहू, हिंदीत लिहा. मसुदा तुम्हीच करा." वकीलसाहेब चक्क हो म्हणाले.

नानाचं एवढं ठरलं: सकाळच्या गाडीनं जायचं, दिवस मावळायच्या आत परत. मशीद, किल्ला, कुंडी भंडारा नक्की. असीरगडाची चढण यावेळी नको, पाहुण्यांबरोबर म्हाताऱ्या काकू आहेत. आहुखान्याचं अडलं. नाना म्हणाला टाळू. वहिनी म्हणाल्या, "टाळू नका. मी येते, आणखी दोघींना घेते. दहा माणसं असली की कोणाच्या बापाला भ्यायचं नाही."

वकीलसाहेबांनी गाडी किती वाजताची ते विचारलं.