कुंचीला गळा नसतो

मंगळवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी मी आमच्या सोसायटीच्या लिफ्टमधून तळमजल्यावर पोहोचलो, तेव्हा माझे दोन्ही हात वर होते, डोकं हुडीत होतं आणि पोट बाहेर. थंडी म्हणून घातली होती. लिफ्टमध्ये उकडलं म्हणून काढायला घेतली, तर कानांपाशी येऊन अडकली. चष्मा आत. दार उघडल्याचा आवाज आला आणि एक बाई अगदी शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही वर जाताय का खाली?"

मला खरंच माहीत नव्हतं.

ही हुडी मी घेतलेली नाही. दिवाळीला बोनस येईल अशी आशा होती, तर प्लॅस्टिकच्या पिशवीतून ही आली. राखाडी रंग, छातीवर ठसठशीत अक्षरांत कंपनीचं नाव, सोबत एक कार्ड. आपण सगळे एक कुटुंब आहोत, असं कार्डावर छापलं होतं. कुटुंबात बोनस मागत नसतात, हे मला तेव्हा कळलं. मी एक्सएल मागितली. वाटप करणारी मुलगी म्हणाली, "सर, तुम्हाला एल आरामात होईल." छातीत होते. पोटावरसुद्धा होते, श्वास रोखला तर. पण हे लोक मोजतात छाती आणि आत शिरायचं असतं डोक्याला. शर्टाच्या कॉलरवर निदान 40, 42 असा काहीतरी आकडा असतो आणि पुढून बटणं असतात. हुडीवर नुसतंच एल, आणि सगळीकडून बंद.

त्या रात्री मी टेप घेऊन बसलो. माझं डोकं कपाळावरून 61 सेंटीमीटर. हुडीचा गळा जीव खाऊन ताणला तरी 56. मधले पाच सेंटीमीटर म्हणजे माझे कान. घालताना ते बिचारे खाली दबून वाट देतात. काढताना उलटे वर वळतात आणि अडून बसतात. आजवर माझं डोकं फक्त हेल्मेटवाल्याने मोजलंय. त्याने गोदामातून खास मोठं हेल्मेट मागवून दिलं होतं. (पुण्यात मागून, स्वखुशीने हेल्मेट घेणारा माणूस म्हणून आमच्या बिल्डिंगमध्ये माझ्याकडे तसंही संशयानेच पाहतात.)

झोप येईना म्हणून मग हुडीचं मूळ शोधलं. 1930च्या दशकात अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या थंडगार गोदामांत काम करणाऱ्या मजुरांसाठी स्वेटशर्टला टोपी जोडली म्हणे. हे पटलं. आमच्या ऑफिसचा एसी 18 वर असतो आणि रिमोट कोणाकडे असतो हे कोणालाच माहीत नाही. पण खरा राग आला तो पुढचं वाचून. जुन्या स्वेटशर्टांना गळ्याखाली विणीचा एक त्रिकोणी तुकडा बसवायचे. तो घाम टिपायचा आणि डोकं जाताना ताणायचा. माझ्या हुडीलाही गळ्याखाली त्रिकोण आहे! मी नखाने उचकटून पाहिला. खाली सलग कापड. नुसत्या दोऱ्याने त्रिकोण काढून ठेवलेला. बायकांच्या जीन्सला खोटे खिसे असतात, त्यातला प्रकार.

दुसऱ्या दिवशी अल्टरेशनवाल्याकडे गेलो. त्याने कापड दोन बोटांत धरलं आणि म्हणाला, "होजिअरी. घेत नाही."

"नुसता गळाच करायचाय हो."

"गळा तर अजिबातच नाही. टाकून द्या, नवीन घ्या."

त्याच्या मागे जीन्सचा ढीग होता, सगळ्या खालून कापायच्या. सगळ्या शहराची उंची कमी आहे आणि तेवढ्यावर त्याचं घर चालतंय, त्याला तरी काय बोलणार. पण पूर्वी कोपऱ्यावरच्या मशीनवाल्याकडे उसवलेली बाही, फाटका खिसा, दप्तराचा पट्टा, छत्रीची पिशवी असलं काहीही न्यावं, तो "ठेवून जा" म्हणायचा. आता डोकं चालवावं लागेल असं काम कोणालाच नको. नवीन घ्या. घेतो की. बोनस द्या, घेतो.

घरी येऊन मी स्वयंपाकघरातली कात्री उचलली. बायको वळूनसुद्धा न बघता म्हणाली, "त्याने दुधाच्या पिशव्या कापते मी." मग वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे कात्री मागायला गेलो. इथेच चुकलं.

काकू शहात्तर वर्षांच्या. तीस-एक वर्षं त्यांनी आतल्या खोलीत शिवणक्लास चालवला. अर्ध्या कोथरूडच्या पाठी त्यांनी मोजल्या आहेत.

"कात्री कोणाला देत नसतात," त्या म्हणाल्या. "काय कापायचंय?"

"गळा."

"कोणाचा?"

"हुडीचा. म्हणजे माझाच."

"हो पुढे. आलेच."

वीस मिनिटांनी आल्या. साडी बदलून आल्या होत्या. गळ्यात टेप, हातात वही आणि जुन्या ब्लाऊजपीसमध्ये बाळासारखी गुंडाळलेली कात्री. सोफ्यावर बसल्या, चष्मा बदलला, पेन उघडलं.

"पुढचा किती, मागचा किती?"

"मागे टोपी आहे, काकू."

"असू दे की टोपी. मागे गळा तर असेलच ना? पान गळा, मटका गळा, चौकोनी? काय करायचंय?"

"डोकं जाईल असा."

त्यांनी लिहून घेतलं. मी वाकून पाहिलं, खरोखरच लिहिलं होतं, ‘डोकं जाईल असा’.

"आता मापाचं आण."

"माप मी घेतलंय. एकसष्ट..."

"माप नको. मापाचं आण. नीट बसणारं काहीतरी. बायका मापाचा ब्लाऊज आणतात की नाही?"

मी बनियन आणून दिला. काकूंनी तो खिडकीच्या उजेडात धरला. बनियनच्या पलीकडे आमचं गुलमोहराचं झाड स्पष्ट दिसत होतं. "ह्यातून डोकंच काय, खांदेही जातील," असं म्हणून त्यांनी तो टीपॉयच्या कडेला, स्वतःपासून जरा लांबच ठेवला.

मग हुडी मांडीवर घेतली. उलटी केली, सुलटी केली, टोपी बाहेर ओढली, तिच्यात मूठ घालून ती हवेत धरली. एकदम त्यांचा चेहरा उजळला.

"अरे, ही तर कुंची!"

"हुडी म्हणतात त्याला."

"काही म्हण, कुंचीच ती. आणि कुंचीला गळा नसतो! पुढून मोकळी, हनुवटीखाली दोन बंद, बास. बाळाची मान धरलेली नसते, डोकं मोठं असतं. त्याच्या डोक्यावरून कोणी ओढून घालेल का काही? झबलंसुद्धा उघडंच असतं. ज्याने हे शिवलं ना, त्याच्या घरात मूल नाही."

"कारखान्यात होतात, काकू. तिरुपूरला वगैरे. हजारो लोक असतात."

"मग हजारातल्या एकालाही मूल नाही?"

ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

"तू किती वर्षांचा रे आता?"

"सेहेचाळीस."

"आणि कुंची घालून ऑफिसला जातोस."

"सगळेच घालतात तिथे."

"साहेबसुद्धा?"

"साहेबसुद्धा."

काकूंनी पेन खाली ठेवलं आणि थोडा वेळ डोळे मिटून साहेबांकडे पाहिलं. "बंद बांधून?"

"नाडी आहे, पण बांधत नाहीत. लोंबत ठेवतात."

"मग आहे कशाला?"

खरंच, कशाला? आमच्या घरात ती नाडी फक्त धुण्यातून निघाल्यावर एक टोक आत जाण्यासाठी आहे. मग सेफ्टी पिन लावून, सुरवंट चालवल्यासारखी इंच-इंच सरकवत ती ओवायची, आणि दुसऱ्या भोकापाशी आली की पिन आतल्या आत उघडते. लहानपणी आजोबांच्या लेंग्याची नाडी मी टूथब्रशच्या दांड्याने ओवायचो. तेव्हा ब्रशच्या शेपटाला भोक असायचं. आता दांड्याला रबर आहे, मानेला लवचीकपणा आहे, भोक तेवढं नाही.

काकूंनी पेपर पसरून त्यावर गळा काढायला घेतला. अर्धा गळा एका गृहस्थांच्या प्रथम पुण्यस्मरणातून गेला. कात्री लावणार, तेवढ्यात त्या थांबल्या. हे गृहस्थ क्लासमधल्या एका मुलीचे सासरे निघाले. ती मुलगी हुशार, पण बाही कायम उलटी जोडायची. मग लग्न, मग नाशिक, मग जाऊबाईंशी भांडण. पंचवीस मिनिटं गेली. शेवटी सासऱ्यांना वगळून पेपर फिरवला आणि गळा वधू-वर सूचकात काढला.

"आता ऐक. एवढं खाली आलं तर ही अक्षरं मध्ये येतात."

"ती कंपनी आहे."

"कापायची की ठेवायची?"

इतका सरळ प्रश्न मला वीस वर्षांच्या नोकरीत कोणी विचारला नव्हता. मी त्या कार्डाचा विचार केला, बोनसचा केला.

"कापा."

खोट्या त्रिकोणाचं मी त्यांना सांगितलं, तर त्या फारच चिडल्या. "दाखवायला कळी? नुसती दाखवायला?" आयुष्यभर कुडत्यांना, सलवारींना खऱ्या कळ्या घातलेली बाई ती. "आपण खरी घालू. ताणणारं, विणीचं काहीतरी आण."

घरात ताणणारं, विणीचं एवढंच सापडलं: मुलाचा शाळेचा मोजा. मरून रंग, वर दोन पिवळे पट्टे.

पुढचं काम लवकर सांगतो, कारण ते लवकर झालं नाही आणि आठवणही नको. टोपीची शिवण उसवायला दीड तास लागला. इंटरलॉकचे चार दोरे, त्यातला आपण ओढतो तो कधीच सुटणारा नसतो. आतल्या कापडाची लव भाताच्या पातेल्यापर्यंत गेली. कापलेली कड आपोआप गुंडाळी करायला लागली, आळूवडीसारखी. काकूंच्या पायमशीनवर टीप घातली, तर तीन टाके पडले आणि चार गाळले. होजिअरीला गोल टोकाची सुई लागते. टोकदार सुई धागा भोसकते, गोल टोकाची दोन धाग्यांच्या मधून वाट काढते. ती आणायला बोहरी आळीत गेलो. येताना दहा रुपयांच्या सुईवर नव्वद रुपयांचं पार्किंग आणि दोन तास असा हिशोब झाला. सुई बदलल्यावर टाके सगळे पडले, आणि डोकं घातल्यावर कट्‌कट् करत सगळे तुटले. सरळ टीप ताण सोसत नाही. झिगझॅग काकूंच्या मशीनला येत नाही आणि त्यांना ते पसंतही नाही.

शेवटी हातटीप. ती मी घातली. काकू शेजारी बसून मोजत होत्या. दर आठव्या टाक्याला "उसव" म्हणत होत्या.

रात्री साडेदहाला हुडी माझ्या डोक्यातून गेली. आणि आली! कान जागेवर, चष्मा नाकावर. काकूंनी मला ती अकरा वेळा घालायला आणि काढायला लावली. "परत," म्हणायच्या, आणि टाळी वाजवायच्या. दुसऱ्या दिवशी मुलगा एका मरून आणि एका पांढऱ्या मोज्यात शाळेत गेला आणि त्याच्या डायरीत शेरा आला. त्याबद्दल घरात अजून मोकळेपणाने बोललं जात नाही.

शुक्रवारी ऑफिसात सगळ्यांचा फोटो होता. सक्तीने हुडी घालून. वाटप करणाऱ्या त्या मुलीने माझ्या छातीकडे पाहिलं. कंपनीच्या नावाच्या बरोबर मधलं अक्षर कळीच्या टोकाने चिरलं गेलं होतं आणि दोन्ही बाजूंची अक्षरं एकमेकांवर रुसल्यासारखी तिरकी उभी होती. वर दोन पिवळे पट्टे.

"सर, लोगो..." ती म्हणाली.

"डोकं जात नव्हतं," मी म्हणालो.

तिने कोणाला तरी फोन केला. मग मला मागच्या रांगेत नेलं, आणि माझ्या हातात एक पांढरी पाटी दिली. ती बरोबर हनुवटीखाली धरायची. पाटीवर लिहिलं होतं, ‘आम्ही एक कुटुंब’.

फोटो संध्याकाळी काकूंना दाखवला. त्यांनी चष्मा बदलला, दोन बोटांनी मला मोठा केला, आणखी मोठा केला. बराच वेळ कोपऱ्यान्‌कोपरा पाहिला.

"ही पाटी कोणी धरायला सांगितली तुला? गळा दिसतच नाहीये. परत काढायला सांग त्यांना."