‘काडीचा फरक पडत नाही’ लिहिणाऱ्या वाचकांना उत्तर

गेल्या आठवड्यात कोल्हापुरातल्या रंकाळा तळ्याच्या एका थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली काय काय दिसलं, ते लिहिलं होतं. लेख प्रोटिस्टांवर होता, म्हणजे जीवाणू, वनस्पती, प्राणी, बुरशी यांपैकी कशातच न बसणाऱ्या, बहुतेक एकपेशी जीवांवर. त्यावर आलेली एक प्रतिक्रिया आधी जशीच्या तशी देते, म्हणजे मी काही दडवलं असं कुणाला वाटायला नको.

‘ताई, जीवाणू आणि प्रोटिस्टा यातला फरक आधी शिका. तळं हिरवं करणारं नीलहरित शैवाल हे जीवाणू आहे. वाळवीचंही चुकलंय. प्रोटिस्टा हा गट आता शास्त्रज्ञ मानतही नाहीत. तसंही डोळ्यांना न दिसणाऱ्या या किड्यांनी सामान्य माणसाच्या आयुष्यात काडीचा फरक पडत नाही. गुगलवरून उचलून लिहिलं की असं होतं.’

दादा, वाळवीचं तुमचं बरोबर. प्रत्येक वाळवीच्या पोटात लाकूड पचवणारे कशाधारी आदिजीव, म्हणजे शेपटीसारखे धागे असलेले प्रोटिस्टा असतात, असं मी लिहून गेले. ते काही जातींनाच लागू आहे. आपल्या माळावर वारुळं करणारी वाळवी आत बुरशीची बाग लावते, तिचं गणित वेगळं. चूक माझी, मान्य. पण हेच ‘ताई, इथं एक दुरुस्ती हवी’ असंही लिहिता आलं असतं. ‘आधी शिका’ हे तुम्ही कुणाला म्हणताय, हे विचारायची तसदी तुम्ही घेतली नाही.

तर सांगते. राजारामपुरीतल्या एका लॅबमध्ये मी २६ वर्षं स्लाइडा बघितल्या. रक्ताच्या, लघवीच्या, शौचाच्या. गुगल हा शब्द कानावर यायच्या आधीपासून. सकाळी डबी आली की पहिला प्रश्न असायचा, नमुना किती वेळापूर्वीचा? कारण अमीबा, आतड्याचा आजार करणारा एक प्रोटिस्टा, गार झाला की हालायचा थांबतो आणि मग तो ओळखणं अवघड. अर्ध्या तासाच्या आतला असेल तर सलाईनचा थेंब, वर कव्हरस्लिप, आणि डोळा भिंगाला. आधी काहीच नसतं. मग एका कडेला काचेसारखा स्वच्छ पाय फुटतो, आणि मागचं सगळं अंग त्यात ओतल्यासारखं पुढं सरकतं. त्याच्या पोटात माणसाच्या तांबड्या पेशी दिसल्या की रिपोर्टवर काय लिहायचं, याला शंका उरत नाही. त्या पेशी कुणाच्या तरी आतड्यातून त्यानं खाल्लेल्या असतात. हा तुमचा न दिसणारा किडा.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पंचगंगा शहरात शिरली. चोहीकडं पाणी आणि प्यायला थेंब नाही, टँकरपुढं रांगा. त्यानंतरच्या आठवड्यांत आमच्याकडं डब्यांची रीघ लागली होती. बायका लेकरांना कडेवर घेऊन यायच्या आणि सांगायच्या, ‘पाण्यात औषध टाकून प्यायलो की हो.’ आता हे नीट वाचा. अमीबाची पुटी, म्हणजे त्याचं कवचातलं निपचित रूप, आम्ही तिला सिस्ट म्हणतो, नेहमीच्या मात्रेतल्या क्लोरीनला दाद देत नाही. ती मरते पाणी उकळल्यावर. ही एक गोष्ट माहीत असणं आणि नसणं यात किती फरक पडतो, ते त्या बाकड्यावर बसलेल्या एखाद्या आईला विचारा. काडीचा पडतो की नाही, ती सांगेल.

आणि घरचं. २००५ साली माझ्या धाकट्या भावाला ताप यायला लागला. उजव्या कुशीत दुखायचं, कळ खांद्यापर्यंत जायची. ज्यांना दाखवलं त्यांनी तीन आठवडे पित्त म्हणून गोळ्या दिल्या. त्याची शौचाची स्लाइड मी स्वतः बघितली, दोनदा. स्वच्छ होती. शेवटी सोनोग्राफीत यकृतात गळू दिसलं. सुईनं काढलेला पू चॉकलेटच्या रंगाचा होता. तोच अमीबा, आतडं सोडून रक्तातून यकृतात गेलेला. अशा वेळी शौचात तो बऱ्याचदा सापडत नाही, हे मला पुस्तकातून माहीत होतं, तरी माझ्याच भावाच्या बाबतीत मी त्या स्वच्छ स्लाइडवर विसंबले. मेट्रोनिडाझोलनं तो वाचला. पण त्या तीन आठवड्यांबद्दल मला अजून झोपेत दचकायला होतं. तेव्हा हे मी कुठून उचललं, ते कृपा करून मला सांगू नका.

तुम्ही म्हणाल, हे आजारापुरतं झालं. मग तासगावला माझ्या माहेरी चला. ऑक्टोबर छाटणी झाली, फुटवे आले, आणि नोव्हेंबरात अवकाळी पाऊस लागला की वडील पहाटे बॅटरी घेऊन द्राक्षबागेत जायचे. पान उलटून बघायचे. वर तेलकट पिवळा डाग, खाली पांढरी लव. ‘डाऊनी आला’ एवढंच म्हणायचे, आणि त्या दिवशी घरात कुणी मोठ्यानं बोलायचं नाही. एका वर्षी फुलोऱ्यातच घड गेले, सोसायटीचं कर्ज पुढं चार वर्षं फिटत होतं. या डाऊनीला सगळे बुरशी म्हणतात. बुरशी नाही तो. भिजल्या पानावरच्या पाण्यात दोन शेपट्यांनी पोहत जाऊन पर्णरंध्रातून आत शिरणारा जीव आहे, आणि नात्यानं बुरशीपेक्षा डायटमला, म्हणजे पाण्यातल्या काचेच्या कवचाच्या प्रोटिस्टांना, जवळचा. मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण फ्रान्समध्ये १८८५ साली याच्यावरच गाजलं. याच्याच भाऊबंदानं १८४५ पासून आयर्लंडचा बटाटा कुजवला, सुमारे दहा लाख माणसं मेली, तितकीच देश सोडून गेली. तीही सामान्यच माणसं होती, दादा.

मलेरियाबद्दल मूळ लेखात लिहिलंच आहे. सिकंदराबादला २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठरात त्याचा परजीवी दिसला, तोही प्रोटिस्टाच. आजही जगात वर्षाला सुमारे सहा लाख माणसं त्यानं मरतात, बहुतेक आफ्रिकेतली लहान लेकरं. आणि नुसतं मारणारेच नाहीत हो. तेच डायटम पृथ्वीवरच्या प्रकाशसंश्लेषणातला साधारण पाचवा हिस्सा उचलतात. गंगावेशीत आपण समोर पिळलेलं म्हशीचं दूध पितो, त्या म्हशीच्या पोटात, एकेका मिलिलिटर रसात, लाखोंनी रोमधारी आदिजीव, म्हणजे अंगावर बारीक केसांसारखे रोम असलेले प्रोटिस्टा असतात. लेखात हे सगळं होतं. तुम्ही तिथंवर पोचलात की नाही, मला शंका आहे.

गट मानत नाहीत म्हणता. जर्मन जीवशास्त्रज्ञ हेकेलनं १८६६ साली तो मांडला, आता वंशावळ जनुकांवरून लावतात आणि त्याची वाटणी झाली आहे, ठीक. घराची वाटणी झाली म्हणून घरातली माणसं नाहीशी होत नाहीत. यावर वाद घालण्यात मला रस नाही.

राहिला रंकाळा. नीलहरित शैवाल जीवाणूंत मोडतं, हे मला शिकवायची गरज नव्हती. त्या थेंबात तेही होतं, आणि युग्लीना, पॅरामिशियम हे प्रोटिस्टाही होते. मी बघितलेलं मी लिहिलं. तुम्ही एकदा या, स्लाइड लावून देते, स्वतःच्या डोळ्यांनी बघा आणि मग बोला.

वाळवीचं वाक्य आज सकाळी दुरुस्त केलं आहे. रंकाळ्याचा परिच्छेद आहे तसाच राहील.