‘लिनक्स टाकताय? आधी सगळ्या डिस्क फॉरमॅट करा’ हा मेसेज पुढे पाठवू नका

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तेव्हापासून आपल्याकडे जुनी मशीनं असलेले बरेच जण विंडोजऐवजी लिनक्स मिंट नाहीतर उबुंटू (लिनक्सच्याच दोन आवृत्त्या) टाकू लागलेत. टाकावंच. पण त्याच्या मागोमाग ‘लिनक्स टाकणाऱ्यांनो सावधान!’ असा एक लांबलचक मेसेज जळगाव-धुळ्याच्या ग्रुपांवर फिरतोय. थोडक्यात तो असं सांगतो: लिनक्सला विंडोजच्या डिस्क वाचता येत नाहीत, म्हणून सगळ्या डिस्क आणि पेनड्राइव्ह आधी ईएक्सटी४ मध्ये (लिनक्सची फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडायची पद्धत) फॉरमॅट करा. तशा पेनड्राइव्हला व्हायरसही लागत नाही. डिस्कवर काही लिहिता येत नसेल तर एनटीएफएसफिक्स हा प्रोग्रॅम चालवा, ते चेकडिस्कच (विंडोजचं डिस्क तपासून दुरुस्त करायचं साधन) आहे. ईएक्सटी४ वर लाईट गेली तरी फाइल जात नाही. बीटीआरएफएस (लिनक्सची आणखी एक फाइल सिस्टिम) टाकलं तर बॅकअपची गरज उरत नाही. शिवाय लिनक्स ५ टक्के जागा खातं आणि मराठी नावाच्या फाइली उडवतं.

माझा भाचा अमळनेरला लग्नांचं शूटिंग करतो. त्याला हा मेसेज आला आणि त्याचा फोन: ‘मामा, डिस्क फॉरमॅट करी टाकू का? मेसेजमा तसंच लिखेल शे.’ त्या डिस्कवर अख्ख्या लगीनसराईचं फुटेज आहे, त्यातले काही अल्बम अजून पार्टीला द्यायचे आहेत. दुसरी कॉपी कुठेही नाही. त्याने विचारलं म्हणून वाचला. न विचारता बटण दाबणारे किती असतील, या विचारानेच हे लिहायला बसलो.

पहिला दावा सगळ्यात घातक, म्हणून त्याच्यावर जास्त बोलतो. विंडोजच्या डिस्कवर सहसा एनटीएफएस ही फाइल सिस्टिम असते, आणि लिनक्सला ती वाचता येत नाही हे धादांत खोटं आहे. एनटीएफएस-३जी नावाचा ड्रायव्हर २००७ पासून वाचणं आणि लिहिणं दोन्ही करतोय. २०२१ च्या शेवटी आलेल्या ५.१५ कर्नलमध्ये (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा) पॅरागॉन कंपनीने लिहिलेला एनटीएफएस३ ड्रायव्हर थेट कर्नलमध्येच आला. मिंट आणि उबुंटूत वेगळं काही टाकावं लागत नाही. डिस्क लावा, डबल क्लिक करा, उघडते. कॅमेऱ्याच्या मोठ्या कार्डावर असतं ते एक्सफॅटही चालतं. त्याचं स्पेसिफिकेशन मायक्रोसॉफ्टने स्वतःच ऑगस्ट २०१९ मध्ये खुलं केलं, आणि आज कर्नलमध्ये आहे तो एक्सफॅटचा ड्रायव्हर सॅमसंगने दिलेला आहे. फॅट३२ तर फारच जुनं.

हे सगळं एकत्र नांदतं कारण लिनक्सची रचनाच तशी आहे. व्हीएफएस नावाचा एक थर मध्ये असतो. व्हिडिओ प्लेअर फक्त ‘ही फाइल उघड’ एवढंच म्हणतो. ती फाइल एनटीएफएसवर आहे की लिनक्सच्या एक्सएफएसवर, हे त्याला कळतही नाही. खालचं काम ज्या त्या फाइल सिस्टिमचा ड्रायव्हर करतो. वेगवेगळ्या फाइल सिस्टिम सांभाळण्यात लिनक्सइतकी मजल फार थोड्यांनी मारली आहे, आणि नेमका त्याच बाबतीत हा मेसेज त्याला अडाणी ठरवतो. तो मेसेज ज्या अँड्रॉइड फोनवर वाचला जातोय त्यातही लिनक्सचंच कर्नल आहे. आत डेटा ईएक्सटी४ किंवा एफ२एफएस या फाइल सिस्टिमवर आणि बाहेरून घातलेलं ६४ जीबीचं कार्ड एक्सफॅटवर, असा कारभार रोज सुरळीत चाललेला असतो.

यात अर्धं खरं एवढंच, की लिनक्स स्वतः ज्या पार्टिशनवर (डिस्कच्या ज्या भागावर) बसतं ते एनटीएफएस ठेवून भागत नाही. तिथे ईएक्सटी४, एक्सएफएस, बीटीआरएफएस असं लिनक्सचं आपलं काहीतरी लागतं, कारण फाइलींचे मालक आणि परवानग्या त्याला त्याच्या पद्धतीने नोंदवायच्या असतात. पण ते एक पार्टिशन झालं. शेजारच्या डेटाच्या पार्टिशनला आणि बाहेरच्या डिस्कला हात लावायचं कारण नाही. मेसेज लिहिणाऱ्याने एका पार्टिशनची अट घरातल्या सगळ्या डिस्कांना लावून टाकली.

मग लोकांना ‘डिस्कवर लिहिता येत नाही’ हा अनुभव का येतो? येतो, मी नाकारत नाही. एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील तर बहुतेक वेळा कारण असतं विंडोजचं फास्ट स्टार्टअप. त्यात शट डाउन केलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही. कर्नलची अवस्था डिस्कवर साठवून झोपी जातं आणि एनटीएफएस पार्टिशन अर्धवट उघडं राहतं. लिनक्स ते ओळखतं आणि नुकसान नको म्हणून फक्त वाचू देतं. म्हणजे ते तुमच्या फाइली वाचवत असतं! उपाय विंडोजमध्येच आहे: पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप बंद करा, किंवा शिफ्ट दाबून धरून शट डाउन करा. बाहेरची डिस्क इजेक्ट न करता ओढली असेल तरीही असंच होतं. तेव्हा ती विंडोजला लावून चेकडिस्क चालवायची.

इथेच मेसेजमधला एनटीएफएसफिक्सचा सल्ला येतो. त्यावर माझ्या मताची गरजच नाही. त्या प्रोग्रॅमचं स्वतःचं मॅन्युअल टर्मिनलमध्ये उघडून वाचा. त्यात स्पष्ट लिहिलंय की एनटीएफएसफिक्स ही चेकडिस्कची लिनक्स आवृत्ती नाही. तो काही मूलभूत विसंगती दुरुस्त करतो, जर्नल रिकामं करतो आणि पुढच्या वेळी विंडोज चालू झालं की तपासणी व्हावी अशी नोंद करून ठेवतो. संपलं. ज्यांनी प्रोग्रॅम लिहिला तेच नाही म्हणतात आणि आमच्या ग्रुपवरचे तज्ज्ञ हो म्हणतात. जर्नल रिकामं करणं म्हणजे अर्धवट राहिलेल्या कामांची नोंद पुसून टाकणं. ज्या डिस्कवर एकुलती एक कॉपी आहे तिच्यावर हा प्रयोग करू नका. कर्नलच्या एनटीएफएस३ ड्रायव्हरमध्येही बिघाडाची खूण असलेली डिस्क जबरदस्तीने माउंट करायचा (वापरायला जोडायचा) पर्याय आहे, आणि त्याच्या दस्तऐवजात शेजारीच ‘वापरू नये’ अशी शिफारस आहे.

पेनड्राइव्ह ईएक्सटी४ केला की व्हायरस लागत नाही म्हणे. विंडोजला तो उघडताच येत नाही, म्हणून विंडोजचा व्हायरसही त्यात फाइल टाकू शकत नाही, इतपत मान्य. पण पुढचं बघा. कॉलेजची पोरगी प्रोजेक्टची पीडीएफ घेऊन झेरॉक्सच्या दुकानात जाते. दुकानदाराच्या विंडोजवर पेनड्राइव्ह लावला की खिडकी येते: ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल, करू का? मागे रांग लागलेली, दुकानदार घाईत. एका क्लिकमध्ये प्रोजेक्ट गेला. विंडोज ११ मध्ये डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) बसवून ईएक्सटी४ डिस्क वाचता येते, पण झेरॉक्सवाला तेवढं करत बसणार नाही. चार ठिकाणी फिरणारा पेनड्राइव्ह एक्सफॅट ठेवा. फॅट३२ मध्ये एक फाइल ४ जीबीच्या पुढे जात नाही, त्यामुळे व्हिडिओवाल्यांना ते अपुरं पडतं. फक्त एक्सफॅटला जर्नल नसतं, म्हणून इजेक्ट केल्याशिवाय ओढायचा नाही.

लाईटचं म्हणाल तर ऐन उन्हाळ्यात आपल्याकडे ती कधी जाईल याचा भरवसा नाही, म्हणून हा दावा लोकांना पटतो. ईएक्सटी४ मध्ये जर्नल आहे, आणि त्यामुळे लाईट गेल्यावर फाइल सिस्टिमचा ढाचा सहसा शाबूत राहतो, हे खरं. पण नेहमीच्या सेटिंगला त्या जर्नलमध्ये फाइलींच्या नोंदी जातात, फाइलींतला मजकूर जात नाही. नुकतं लिहिलेलं काही सेकंद मेमरीतच असतं आणि लाईट गेली की तेवढं जातं. एक्स्पोर्ट अर्ध्यात असलेला व्हिडिओ कुठलीही फाइल सिस्टिम पूर्ण करून देणार नाही. यूपीएस घ्या.

‘बीटीआरएफएसमध्ये स्नॅपशॉट (फाइलींची त्या क्षणीची जपलेली अवस्था) असतो, बॅकअप नको’ हे वाचून मला खरंच राग आला. बीटीआरएफएस मला आवडतं. फेडोरा वर्कस्टेशनने २०२० मध्ये ३३ व्या आवृत्तीपासून तेच मूळ फाइल सिस्टिम केलं. ते मजकुराचाही चेकसम (पडताळणीचा आकडा) ठेवतं, त्यामुळे फोटोतला एखादा तुकडा डिस्कवर गुपचूप सडला तर निदान कळतं. ईएक्सटी४ ला ते कळत नाही. चुकून खोडलेली फाइल स्नॅपशॉटमधून परत मिळते, हेही खरं. पण स्नॅपशॉट मूळ फाइलीचेच डिस्कवरचे तुकडे वापरतो, त्याची वेगळी प्रत नसते. डिस्क पडली, जळली, चोरीला गेली की दोन्ही एकदम जातात. सातबाऱ्याचा उतारा आणि त्याची झेरॉक्स एकाच पेटीत ठेवून पेटीला आग लागावी, तसं. बॅकअप म्हणजे दुसरी डिस्क, आणि ती शक्यतो दुसऱ्या घरात.

५ टक्क्यांचं खरं आहे. ईएक्सटी४ बनवताना तेवढी जागा रूटसाठी (सिस्टिमच्या मुख्य खात्यासाठी) राखली जाते, १ टीबीच्या डिस्कवर साधारण ५० जीबी. डिस्क भरली तरी सिस्टिम अडू नये म्हणून ती सोय आहे. नुसत्या डेटाच्या डिस्कवर तिची गरज नसते, आणि ट्यून२एफएस ही कमांड वापरून ती शून्यावर आणता येते, फॉरमॅट न करता.

मराठी नावांच्या बाबतीतही थोडं खरं आहे, फक्त मेसेजमध्ये लिहिलंय तसं नाही. फाइली उडत नाहीत. एनटीएफएसवर नाव २५५ अक्षरखुणांचं चालतं, ईएक्सटी४ वर २५५ बाइटचं. देवनागरीची प्रत्येक खूण यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवायच्या पद्धतीत) ३ बाइट घेते, म्हणजे फार तर ८५ खुणा बसतात. त्यातही काना, मात्रा, हलन्त वेगळे मोजले जातात. नुसत्या ‘श्री’लाच १२ बाइट लागतात. ‘चि. अमुक व चि. सौ. कां. तमुक यांचा हळदी समारंभ आणि शुभविवाह’ असं पूर्ण पत्रिकेसारखं नाव खऱ्या नावागावांसकट २५५ बाइटच्या पुढे गेलं, तर ती फाइल कॉपी होताना ‘नाव फार लांब’ म्हणून अडते. मूळ फाइल जागेवरच असते. नाव आखूड करा, कॉपी होईल.

आता ज्यांनी मेसेज मानून फॉरमॅट करून टाकलं त्यांच्यासाठी. ती डिस्क लगेच काढा आणि परत माउंट करू नका. साध्या फॉरमॅटमध्ये ईएक्सटी४ आपल्या नोंदींपुरतंच लिहितं, जुन्या फाइलींचा बराच भाग तसाच पडून असतो. पण पहिल्यांदा माउंट झालं की उरलेली आयनोड टेबलं (फाइलींच्या नोंदींचे तक्ते) मागच्या मागे लिहिली जातात, आणि त्या प्रत्येक लिखाणाखाली तुमचं काहीतरी दबतं. आधी दुसऱ्या मोठ्या डिस्कवर तिची पूर्ण इमेज (हुबेहूब प्रत) काढा आणि फोटोरेक किंवा टेस्टडिस्क हा डेटा रिकव्हरीचा प्रोग्रॅम त्या इमेजवर चालवा. फोटोरेकने फाइली मिळाल्या तरी जुनी नावं मिळणार नाहीत, मोठे व्हिडिओ तुकड्यात येऊ शकतात. डिस्क एसएसडी असेल तर आशा फार कमी, कारण ईएक्सटी४ बनवतानाच एसएसडीला ‘ही सगळी जागा मोकळी’ असं कळवलं जातं. हार्ड डिस्क असेल तर मात्र प्रयत्न सोडू नका. स्वतःला जमत नसेल तर डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या, आणि डिस्क त्याच्या हातात पडेपर्यंत कुठल्याच मशीनला लावू नका.