मराठी मूल ‘अर’ गाळतं, इंडोनेशियन मूल ‘मोर’ सोडत नाही

नमस्कार सर,

तुमचा आक्षेप असा: इंडोनेशियन विद्यार्थ्यांसाठी इंग्रजीतल्या तुलनेचा वेगळा धडा कशाला? सिलॅबल मोजायचे, आखूड विशेषणाला ‘अर’, लांबलचक असेल तर आधी ‘मोर’. आपल्या मुलांना हेच पुरतं, मग त्यांना का नाही?

आपल्या मुलांचंच घेऊ. ‘ती माझ्यापेक्षा उंच आहे’ यात ‘उंच’ला काहीच चिकटत नाही, सगळा भार ‘पेक्षा’वर. म्हणून मराठी मूल ‘शी इज टॉल दॅन मी’ लिहितं. त्याला ‘अर’ लाव म्हटलं की काम होतं. इंडोनेशियनमध्ये मात्र विशेषणाआधी ‘लबिह’ म्हणजे ‘अधिक’ लागतंच: ‘दिया लबिह तिंगी दारिपादा साया’. तो मुलगा ‘अर’ लावतो, पण ‘लबिह’ची सवय सुटत नाही, आणि वहीत उमटतं ‘मोर टॉलर’. तुमचा नियम त्याला अर्धाच मिळालेला असतो. त्याला सांगावं लागतं: आधी ‘मोर’ खोडा, मग ‘अर’ लावा.

नवशिक्याचं वाक्य जवळून बघा: ‘शी मोर टॉल फ्रॉम मी’. ‘इज’ नाही, कारण त्यांच्या वाक्यात इथे ‘आहे’ लागत नाही. ‘फ्रॉम’ आलं, कारण बोलताना ‘दारिपादा’चं (म्हणजे ‘पेक्षा’चं) सर्रास ‘दारी’ होतं, आणि ‘दारी’ म्हणजे ‘पासून’सुद्धा. दुरुस्ती याच क्रमाने करावी: आधी ‘इज’, मग ‘मोर टॉल’चं ‘टॉलर’, शेवटी ‘दॅन’. तिन्ही चुकांवर एकदम लाल शाई ओतली तर पुढच्या वाक्यात ‘इज’ पुन्हा गायब. ‘दॅन’ची जोडी नेहमी पूर्ण ‘दारिपादा’शीच लावून द्यावी, ‘दारी’शी नाही.

सिलॅबल मोजण्याबद्दल: ‘बोर्ड’ (कंटाळलेला) एकाच सिलॅबलचं, तरी ‘मोर बोर्ड’. ‘हॅपी’ दोनाचं, तरी ‘हॅपियर’. ‘क्लेव्हर’ला दोन्ही चालतं. मोजणी हवीच, पण त्यांच्या भाषेत याहून चांगला आधार तयार आहे. ‘इंदाह’ म्हणजे सुंदर, सर्वांत सुंदर म्हणजे ‘तरिंदाह’. ‘मनारिक’ म्हणजे रंजक, पण त्याला ‘तर’ लागत नाही, ‘पालिंग मनारिक’ म्हणावं लागतं, कारण त्या शब्दाला आधीच एक उपसर्ग आहे. (आपला ‘तर’ उच्चतरचा, त्यांचा थेट ‘तम’च्या जागी. नातं काही नाही, नुसता कानाचा भास.) इंग्रजीतली कारणं वेगळी आहेत, पण एका अर्थासाठी दोन रचना असतात आणि एका वेळी एकच वापरायची, हे त्या मुलाला कळतं. ‘मोस्ट टॉलेस्ट’ तिथेच अडवता येतं.

‘एस्ट’चा त्रास तर कानातला. त्यांच्या मूळच्या शब्दांच्या शेवटी जोडव्यंजन येत नाही. बाहेरून आलेले शब्दही तसेच घासले गेले: पर्यटक ‘तुरिस’, निषेध ‘प्रोतेस’. म्हणून ‘हायेस्ट’चं ‘हायेस’ होतं आणि लिहितानाही ‘टी’ गळतो. सुटा शब्द घोकवू नका, पुढे स्वर येईल असं बघा: ‘हायेस्ट इन’. ‘टी’ पुढच्या ‘इन’ला चिकटतो आणि तोंडात टिकतो.

सरावाला त्यांचेच डोंगर घ्या: सुमात्रातला करिंची ३८०५ मीटर, लोंबोकचा रिंजानी ३७२६, जावाचा समेरू ३६७६. दोन-दोनांची तुलना झाली की ‘समेरू इज द हायेस्ट माउंटन इन जावा’. इथे ‘द’ तपासा, आणि शब्दक्रमही. त्यांच्याकडे विशेषण नामामागे येतं, त्यामुळे ‘माउंटन हायेस्ट’ हमखास.

स्पेलिंगचा तक्ता मात्र सगळ्यांना एकच, तुमचं बरोबर: ‘बिग’चा ‘जी’ दुप्पट, ‘हॅपी’च्या ‘वाय’चा ‘आय’.

आणि हे वाक्य बघा: ‘आय मोर लाइक कॉफी दॅन टी’. ‘लबिह’ क्रियापदाआधीही येतं, ‘लबिह सुका’ म्हणजे जास्त आवडणं. इथे विशेषणच नाही. सिलॅबल कशाचे मोजायचे, सर?