'फाइल टाकली की पार्ट बाहेर' म्हणणाऱ्याने एकदा अंबडला यावं

परवा रात्री साडेअकराला ताईचा मेसेज आला. वर फॉरवर्ड, 'पालकांनो सावध! मेकॅनिकल संपलं!', आणि खाली तिची एक ओळ: 'अरे, दाजी म्हणतात पॉलिटेक्निकचा फॉर्म भरायलाच नको. तुला काय वाटतं?'

हाच मेसेज आधी दोन ग्रुपवर येऊन गेला होता. तेव्हा मी न वाचताच वर सरकवला. आता तो भाच्याच्या ॲडमिशनपर्यंत पोचला म्हटल्यावर वाचणं भाग पडलं. मी एकवीस वर्षं नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका गाळ्यात दोन व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारी मिलिंग मशीनं) आणि एका सीएनसी लेथवर पोट भरतोय, तेव्हा बोलायचा थोडा हक्क असावा.

मेसेजचं म्हणणं असं. कॅड-कॅम (कॉम्प्युटरवर डिझाइन काढणं आणि त्यावरून मशीनचा प्रोग्राम बनवणं) नावाचं नवं तंत्र आलंय, त्यामुळे डिझाइन आता कॉम्प्युटरच करतो. फाइल मशीनला दिली की पार्ट आपोआप तयार. ड्रॉइंग वाचणारा, मोजणारा माणूस नको. सिम्युलेशनमुळे (कॉम्प्युटरवरच्या आभासी चाचणीमुळे) खऱ्या चाचण्या बंद झाल्या, बोइंग ७७७ म्हणे एकही नमुना न बनवता उडालं. थ्रीडी प्रिंटरमुळे पाच वर्षांत एमआयडीसीला कुलपं लागणार. म्हणून मुलांना मेकॅनिकलला न घालता तीन महिन्यांचा कोर्स लावा, ६०,००० पगार हमखास. आणि सगळ्यात खाली त्या कोर्सचा फोन नंबर. बाकी काही नाही तरी हा नंबर ताईला दिसायला हवा होता.

'नवं' हे आधी निकालात काढू. आकड्यांवर चालणारं मिलिंग मशीन अमेरिकेत एमआयटीने १९५२ मध्ये चालवून दाखवलं. पडद्यावर प्रकाशलेखणीने रेघ ओढणारा इव्हान सदरलंडचा 'स्केचपॅड' १९६३ चा, ऑटोकॅड १९८२ चं. या हिशोबाने टर्नर-फिटर माझ्या जन्माआधीच नामशेष व्हायला हवे होते.

आता तो 'फाइल टाकली की पार्ट बाहेर'. माझं डोकं फिरलं ते याच मुद्द्यावर, कारण हे वाचून उद्या एखादा पोरगा मशीनसमोर उभा राहील आणि बोटं घालवून बसेल.

मागच्या वर्षी आमच्याकडे ॲल्युमिनियमची एक रिंग होती. भिंत जेमतेम साडेतीन मिलीमीटर, आतला बोअर (भोक) ५२ एच७. म्हणजे ५२ च्या वर शून्य ते ३० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग), त्यापलीकडे स्क्रॅप. मॉडेल ग्राहकाने पाठवलेलं, प्रोग्राम कॅमवर काढलेला, स्क्रीनवरचं सिम्युलेशन हिरवंगार. पहिला पीस आमच्या नव्या मुलाने चकमध्येच (मशीनच्या पकडीत) बोअर डायल गेज लावून मोजला: ५२.०१४. गडी खूश. पीस काढून पुन्हा मोजला, गेज कुठेही फिरवा, माप तेवढंच. आणि गो-गेज, म्हणजे भोक बरोबर असेल तर आत जायलाच हवा असा ठरलेल्या मापाचा दांडा, काही केल्या आत जाईना.

मुलाने प्रोग्राम तीनदा तपासला. प्रोग्राममध्ये काहीच चूक नव्हती. शेवटी आमचे अण्णा उठले. रिटायर टर्नर, वय पासष्टच्या पुढे, कॅड कधी उघडलेलं नाही. त्यांनी पीस हातात घेतला, चष्मा कपाळावर सरकवला आणि एवढंच विचारलं, "चकचं प्रेशर किती ठेवलंय रे?"

झालं होतं असं. चकच्या तीन जबड्यांनी (जॉ) ती पातळ रिंग तीन जागी दाबून धरली. दाबलेल्या अवस्थेत बोअर अगदी गोल झाला. जॉ सुटल्यावर धातू मूळ जागी परतला आणि भोक किंचित तिकोनी झालं. डायल गेज समोरासमोरच्या दोनच बिंदूंवर मोजतो. तिकोनी भोकात एका बाजूला फुगवटा असला की बरोबर समोर खळगा येतो, त्यामुळे फिरवाल तिकडे माप सारखंच. चोरी पकडली ती मुक्या गो-गेजने. मग अण्णांनी सॉफ्ट जॉ (कापून आकार देता येणारे मऊ जबडे) लावले, रिंगच्या बाहेरच्या मापाला ते मशीनवरच बोअर केले, म्हणजे पकड तीन टोकांवर न राहता घेरभर बसली. प्रेशर उतरवलं. शेवटचा हलका कट घेण्याआधी पीस एकदा सैल करून पुन्हा धरला. त्यानंतर गो-गेज आपल्या वजनाने आत उतरला.

ही रिंग दाबली की दबते, हे त्या फाइलमध्ये कुठे होतं? फाइलला फक्त ५२ माहीत. त्या ५२ मध्ये बेअरिंग बसणार की नुसता वारा जाणार, हे ड्रॉइंगवरचा 'एच७' सांगतो. नुसतं मॉडेल पाठवून 'कोटेशन द्या' म्हणणाऱ्या ग्राहकाला आम्ही आधी फोन करतो, टॉलरन्स (माप किती कमी-जास्त चालेल ते) कुठे आहे म्हणून. आणि 'आपोआप' चालणारं मशीन किती आज्ञाधारक असतं तेही सांगतो. बऱ्याच फॅनक कंट्रोलवर (मशीन चालवणाऱ्या कॉम्प्युटरवर) ५० च्या पुढचं टिंब राहिलं तर मशीन ५० मिलीमीटर नव्हे, ५० मायक्रॉन समजतं. तक्रार करत नाही, चालू लागतं. हे टिंब ड्राय रनमध्ये (पीस न कापता मशीन चालवून बघताना) पकडणारा माणूस माझ्याकडे पगारावर आहे.

एक मात्र कबूल करावं लागेल, जिवावर आलं तरी. काही कामं खरोखरच गेली. ड्रॉइंग बोर्डावर ट्रेसिंग करणारे ट्रेसर गेले, अमोनियाच्या वासाची प्रिंट रूम गेली. आज माझ्याकडे एक ऑपरेटर दोन मशीनं बघतो. नुसतं बटण दाबण्याची नोकरी धोक्यात आहे, यात मेसेजवाला चूक नाही. पण त्याचा अर्थ मशीनला पार्ट समजतो असा होत नाही.

बोइंग ७७७ चंही अर्धं खरं आहे. संपूर्ण थ्रीडी कॅडवर डिझाइन झालेलं ते पहिलं प्रवासी विमान, कॅटिया हे कॅड सॉफ्टवेअर वापरून केलेलं, आणि पूर्ण आकाराच्या लाकडी-पत्र्याच्या नमुन्यांचा खर्च त्यात बराच वाचला. तरीही नाकाकडच्या भागाचा खरा नमुना त्यांनी बनवलाच. शिवाय १९९५ च्या जानेवारीत त्याचे पंख मोडेपर्यंत मुद्दाम वाकवून पाहिले. चाचण्या बंद, नाही का?

आणि विमानाचंच उदाहरण द्यायचं तर मग एअरबस ए३८० का विसरता? या विमानात सुमारे ५०० किलोमीटर वायर. हॅम्बुर्गमध्ये कॅटियाची जुनी चौथी आवृत्ती, तुलूझमध्ये पाचवी. दोन्हींची मॉडेलं एकमेकांशी नीट बोलली नाहीत. हॅम्बुर्गहून आलेल्या भागांतल्या वायरी तुलूझमध्ये जोडायला घेतल्या तर आखूड पडल्या. मग जर्मनीतून शेकडो माणसं फ्रान्सला नेऊन हाताने वायरिंग करावं लागलं, आणि विमानं सुमारे दोन वर्षं लांबली. त्याच ए३८० चा पंख २००६ च्या फेब्रुवारीत चाचणीत वाकवला. कमाल भाराच्या दीडपट सोसायला हवा होता, तो त्याच्या थोडा आधीच तुटला आणि मजबुतीचं काम करावं लागलं. जगातले उत्तम कॉम्प्युटर, उत्तम इंजिनियर, तरी पंख तोडून पाहिल्याशिवाय कळलं नाही. माझ्या गाळ्यात पहिला पीस मोजल्याशिवाय लॉट सुटत नाही, तो याच कारणाने.

थ्रीडी प्रिंटर आमच्याकडेही आहे, फिक्स्चरचे (पीस धरून ठेवायच्या साधनांचे) नमुने काढायला. छान चालतो. विमानाच्या लीप इंजिनाचा इंधन नोझल आधी २० तुकडे जोडून व्हायचा, तो आता एकसंध छापतात, हेही खरं. पण ज्या प्लास्टिकच्या डब्याला प्रिंटर काही तास घेतो, तो मोल्डिंग मशीन अर्ध्या-एक मिनिटात टाकतं. आणि त्या डब्याचा मोल्ड (साचा) कापायला लागतो व्हीएमसीच.

राहिला ६०,००० पगाराचा कोर्स. कोर्स वाईट म्हणत नाही, कमांड शिकवतात. माझ्याकडे असा एक उमेदवार आला होता. मी त्याच्या हातात एक शाफ्ट आणि व्हर्निअर दिला, म्हटलं, याचं ड्रॉइंग काढ. मॉडेल त्याने दहा मिनिटांत सुरेख फिरवून दाखवलं. बेअरिंग कुठे बसणार विचारलं, तर म्हणाला, "सर, ते सिलॅबसमध्ये नव्हतं." पोरगं प्रामाणिक होतं, त्याला ठेवून घेतलं. सहा महिने अण्णांच्या हाताखाली काढले त्याने, तेव्हा कुठे प्रोग्रामला हात लावू दिला. वरची रिंग ज्याने चकमध्ये मोजली, तोच हा.

ताई, दाजींना सांग, फॉर्म भरा. मेकॅनिकलच भरा, आणि त्यासोबत कॅडही शिकू दे. सोमवारी सकाळी आठला भाच्याला गाळ्यावर पाठव. व्हर्निअर मी देतो, डबा त्याचा त्याने आणायचा, आणि पायात चप्पल नको, बूट घालून ये म्हणावं.