चहा दिलात, पण कोणत्या कपात?

कोकणात दारी आलेला माणूस चहाशिवाय परत जात नाही, असं आपण छाती फुगवून सांगतो. जात नाही, खरंच. पण त्याला बसवला कुठे आणि चहा दिला कशात, हे कोणी सांगत नाही.

आधी चहाचंच बोलू, पंक्तिभेद तिथूनच सुरू होतो. आमच्याकडे दुधाचा कायम दुष्काळ. कातळाची जमीन, गाई अंगाने लहान. म्हणून घरच्यांना गुळाचा कोरा चहा आणि दुधाचा पाहुण्याला. आता घाटावरून पिशव्या येतात, तरी पाहुणा दिसला की हात आपोआप परसात जातो. गवती चहाची पाती कापून, गाठ मारून पाण्यात टाकायची. आलं ठेचून त्याच पाण्यात खळखळ उकळायचं आणि मगच दूध. कच्च्या आल्यात दूध फाडणारं विकर असतं, ते उकळीने निकामी होतं. गूळ घालणार असाल तर दूध वेगळं तापवा आणि गॅस बंद करून शेवटी ओता. वर जायफळ किसायचं, पण चिमूटभरच, नाहीतर पाहुणा झोपाळ्यावरच पेंगतो. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने जायफळाची 'कोकण सुगंधा' दिली, दालचिनीची 'कोकण तेज' दिली. माडा-पोफळीच्या सावलीत ही झाडं होतात, आणि आम्ही दुकानातून चहा मसाल्याची पुडी आणतो! असो.

तर हा एवढा निगुतीने केलेला चहा माजघरात जातो फुलाफुलांच्या कपबशीतून. आणि आंब्याला खत घालून, कवाडी बांधून दमलेल्या माणसाला? पडवीच्या कोनाड्यात कान तुटलेला एक कप असायचा. त्यात वरून चहा ओतायचा. पिऊन झालं की त्यानेच तो विसळून पुन्हा उपडा घालायचा. महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेब पाणी प्यायले ते २० मार्च १९२७ ला, आपल्याच कोकणात. कोनाड्यातले ते कप त्यानंतरही कित्येक वर्षं तिथेच होते.

आता कागदी कप आले आणि सगळ्यांची सोय झाली. गड्याला कागदी, घरच्यांना स्टीलचा. विचारलं तर उत्तर तयार, "अहो, धुवायला कोण आहे?" घरचे धुवायला मग कोण असतं?

मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजारून चहाची किटली येते. फार चांगली रीत आहे. पण शेजार म्हणजे आपलीच वाडी. पलीकडच्या वाडीतून कोणी किटली घेऊन आलं तर किती घरं ती घेतील, हे गावात राहणाऱ्याला मी सांगायला नको.

चाकरमान्यांनो, यंदा गणपतीत भजनाला आलेल्या प्रत्येकाला आणि मखराला बांबू तोडून देणाऱ्यालाही, एकाच टोपातला चहा एकसारख्या कपात द्या. कप कमी पडले तर मधे उठून विसळा. तेवढ्यात एखादा अभंग चुकला तरी चालेल.