फुकटाला तीन कोटेशनं कुठून आणायची?

अभिनंदन! विद्यापीठाच्या आयटी धोरण समितीवर तुमची वर्णी लागली, म्हणजे नॅकचं मूल्यांकन जवळ आलं असणार. विषयपत्रिकेत 'ओपन सोर्स प्रणालींचा अंगीकार', म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेली आणि बहुधा फुकट मिणारी सॉफ्टवेअरं वापरणं, असा विषय दिसला तर दचकू नका. मागच्या समितीपुढेही तो होता, तिच्या आधीच्याही. तुम्ही फक्त तो पुढच्या समितीपर्यंत सुखरूप न्यायचा आहे.

पहिलं पथ्य म्हणजे विरोध करायचा नाही. विरोध करणारा मागासलेला दिसतो. उलट भाषण ठोकावं. त्यात १९९१ साली आलेला ओपन सोर्सवाला लिनक्स घ्यावा, आणि त्याच साली आपल्या पुण्यात सी-डॅकने बांधलेला परम ८००० महासंगणकसुद्धा घ्यावा. दोघांचा संबंध काय, हे पुण्यातही कुणी विचारत नाही, कारण तोवर चहा आलेला असतो.

कुणी अभ्यासू सदस्य केंद्राचं २०१५चं ओपन सोर्स धोरण काढेल. निविदेत ओपन सोर्सचा विचार करायला सांगा आणि पुरवठादाराने ते वगळलं तर त्याच्याकडून कारण घ्या, असं त्यात म्हटलंय. घाबरायचं कारण नाही. निविदेत कारणाचा एक रकाना छापावा, पुरवठादार त्यात 'तांत्रिक कारणास्तव' लिहितो. शिवाय ते धोरण राज्यांनी स्वीकारलं तर राज्यांना. मग ते विद्यापीठाला लागू होतं की नाही? नेमा उपसमिती.

तरीही रेटा आलाच तर एक पथदर्शी प्रयोग करून टाका. सहा महिन्यांत निवृत्त होणारे भाऊसाहेब गाठा आणि एका सोमवारी सकाळी, न सांगता, त्यांच्या मशीनवर लिब्रेऑफिस, म्हणजे वर्ड-एक्सेलचा ओपन सोर्स पर्याय, टाका. मग त्यांना वीस वर्षांपूर्वीच्या, युनिकोडपूर्व फाँटात टाइप केलेलं परिपत्रक उघडायला सांगा. त्या मशीनवर तो फाँट नसतो, त्यामुळे अक्षरांच्या जागी किडे-मुंग्या दिसतात. दोष फाँटाचा, पण अहवालात नाव लिब्रेऑफिसचं जाईल एवढं बघा.

खरा गड मात्र लेखा विभाग राखतो, आणि त्यांचंही चूक म्हणता येत नाही. फुकटाला तीन कोटेशनं कुठून आणायची? एल-वन, म्हणजे सगळ्यांत कमी दरवाला, कोण ठरवायचा? ऑनलाइन शिकवायचं मूडल घेतलं आणि डेडस्टॉक रजिस्टरात 'मूडल, नग १, किंमत रु. ०/-' लिहिलं तर ऑडिटवाले तो नग दाखवा म्हणतील. लायसन्सचं तसं नाही. ते दरवर्षी संपतं, दर मार्चमध्ये पैसे घेतं आणि निधी परत जाऊ देत नाही. इतकं शिस्तीचं दुसरं काही कॅम्पसमध्ये नाही.

आता एक आतली गोष्ट सांगतो. माझ्या पाहण्यातल्या एका ग्रंथालयाचा कारभार कोहावर चालतो. न्यूझीलंडमधल्या एका सार्वजनिक ग्रंथालयासाठी तयार झालेलं आणि २००० साली जगाला खुलं केलेलं हे सॉफ्टवेअर. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट, पण परतफेड अपेक्षित असलेली. थोडक्यात आपला आहेर. आपण आहेर घेतला आणि परतीचं पाकीट घरी विसरलो. लग्नात असं केलं तर मावश्या दोन पिढ्या बोलतात. इथे त्याला 'बचत' म्हणतात.

तर हे कोहा अकरा महिन्यांच्या ऑर्डरवरच्या एका मुलाने दिवाळीच्या सुट्टीत उभं केलं. नोंदी साफ केल्या, बारकोड चिकटवले, रोज रात्री बॅकअप लावला. सर्व्हर म्हणजे परीक्षा विभागाने टाकून दिलेलं मशीन, देवाणघेवाणीच्या टेबलाखाली ठेवलेलं. झाडूवाल्या मावशींनी दोनदा प्लग काढल्यावर त्याने पाटी लावली: 'हा सर्व्हर आहे. पंख्याचे बटण शेजारी आहे. खात्री करण्यासाठी दाबून पाहू नये.'

त्याची बाराव्या महिन्याची ऑर्डर आली नाही. लाखांच्या लायसन्सला एका बैठकीत मंजुरी मिळते. माणसाला मात्र पद लागतं, पदाला मंजुरी लागते आणि मंजुरीला पदांचा आकृतिबंध लागतो. मुलगा हिंजवडीला गेला. आता कोहा बंद पडलं की ग्रंथपाल मॅडम त्यालाच फोन लावतात. संध्याकाळी तो वाकडच्या चौकात अडकलेला असतो, म्हणून उचलतो आणि 'मॅडम, सर्व्हिस रीस्टार्ट करा' म्हणतो. वाकडचं ट्रॅफिक सुधारलं तर आमचं ग्रंथालय बसेल, अशी परिस्थिती आहे.

या फोनांचा इतिवृत्तात उल्लेख नको. 'ओपन सोर्सला सपोर्ट नसतो' एवढं पुरे.

आणि मग देखभालीची निविदा काढा. अट अशी घाला की तीन वर्षांची उलाढाल दाखवता आली पाहिजे, म्हणजे तो मुलगा चुकूनही अर्ज करणार नाही. मोठी एजन्सी येईल, करारावर सह्या होतील, फोटो निघेल. दुसऱ्या दिवशी एजन्सीचा माणूस टेबलाखाली वाकून बघेल आणि विचारेल, हे बसवलं कुणी? त्याला नंबर द्या. त्या पाटीच्याच खाली लिहिलेला आहे, पासवर्डच्या शेजारी.